डाव्या कानातली मावशी

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आधीच कबूल करतो, म्हणजे तू एकदाच काय ते बोलून मोकळी होशील. तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. त्यातले सात दिवस ते पँटच्या खिशात होतं, आणि पँट धुवायचा कंटाळा केला म्हणूनच शाबूत राहिलं. उरलेले चार दिवस मी रोज सकाळी ‘आज नक्की लिहितो’ असं स्वतःला बजावून दोरावर लटकायला जात होतो.

दोर म्हणजे खरोखरचा दोर. सध्या मी पूल रंगवतो. लोखंडी पूल आहे. आधी गंज खरवडायचा, मग लाल हात मारायचा, मग करडा. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा गंजलेलं असतं, त्यामुळे इथलं काम कधी संपत नाही आणि मुकादमाचा चेहरा कधी बदलत नाही. फोन मागच्या महिन्यात नदीत गेला. एक पक्षी पुलाच्या तारेवर डोकं खाली करून बसला होता, त्याचा फोटो काढत होतो. पक्षी अजून येतो. फोन नाही आला.

तर तुझी अडचण. तू लिहिलंस की शिवणवर्गातल्या मुलींसाठी धडे रेकॉर्ड केलेस, मी ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर, गाद्यांच्या खोलीत बसून. लॅपटॉपवर ऐकलं की सगळं छान. पण एक्स्पोर्ट करून फाइल पाठवली की समोरच्याला चाळीस मिनिटं चिडीचूप.

हे बघ, घाबरू नकोस, आवाज कुठे जात नाही. स्क्रीनवर जे दिसतं ती कच्ची शिवण. एक्स्पोर्ट म्हणजे तयार कपडा. तो करताना काहीतरी राहतंय. बहुतेक तू चुकून शेवटचा रिकामा तुकडा निवडून ठेवतेस आणि सॉफ्टवेअर बिचारं तेवढाच बाहेर काढतं. म्हणून आधी सगळं निवडायचं, मग एक्स्पोर्ट. दुसरं, खाली एखादा रिकामा ट्रॅक तयार झालाय का बघ. त्याच्यावर ‘सोलो’चं बटण दाबलेलं असेल तर बाकीच्यांची तोंडं बंद होतात. तिसरं, एमपीथ्री काढ. कच्चा प्रोजेक्टच पाठवला असशील तर तो कुणाच्या फोनवर वाजायचा नाही.

एवढं कर आणि कळव. इथला स्वयंपाकी रोज एकच गोष्ट तीन नावांनी वाढतो.

तुझा,
भिंगरी

ता. क. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर मुकाच आहे, त्याला दोष देऊ नकोस. तो मी विकत घेतला तेव्हापासून तसाच आहे.

८ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र मिळालं. चार ओळींचं उत्तर तू दोन पानांत दिलंस. पुलाची माहिती कुणी विचारली नव्हती.

सांगितलंस ते सगळं केलं. सगळं निवडून एक्स्पोर्ट केलं. रिकामा ट्रॅक नव्हता. एमपीथ्रीच काढत होते, मला प्रोजेक्ट आणि फाइल यांतला फरक कळतो, तूच शिकवला होतास, विसरला असशील. नवीन फाइल लॅपटॉपवर उघडून हेडफोन लावून पूर्ण ऐकली. स्वच्छ आहे. मग वरच्या मजल्यावरच्या मुलीला पाठवली. तिच्या फोनवर काही नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला पाठवली. त्याने फोन कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवला. म्हणाला, कुणीतरी पाण्याखालून कुजबुजतंय असं वाटतं, पण शब्द लागत नाही. सेकंदांचे आकडे मात्र पळत होते.

म्हणजे घरात मी बोलते आणि दाराबाहेर पडले की मुकी होते. असं का होतं ते सांग.

मला डॉक्टरांनी बोलायचं बंद केलंय. तीस मशीनच्या खडखडाटावरून बत्तीस वर्षं ओरडले त्याचं फळ. वर्ग सध्या धाकट्या बाई घेतात. मी चिठ्ठ्यांवर लिहून देते. चोवीस तारखेला दवाखान्यात जायचंय, किरकोळ काम आहे. त्याच्या आत हे निस्तरायला हवं. या वेळी अकरा दिवस लावू नकोस.

मावशी

१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पाचच दिवस लावले. माझ्या मानाने हे म्हणजे तारच झाली.

त्यातला एक दिवस असा गेला: रंगाच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, चल, पलीकडच्या गावात एका माणसाकडे जुनी घड्याळं आहेत. मी म्हटलं, पोस्ट त्याच रस्त्यावर आहे, चला. घड्याळं दोनशे असतील. सगळी वेगवेगळी वेळ दाखवत होती. मी विचारलं, एकतरी बरोबर आहे का, तर तो म्हणाला, कधी ना कधी प्रत्येक असतं. बाहेर आलो तेव्हा पोस्ट बंद झालं होतं. आता मला सांग, यात माझा काय दोष.

फाइलचं मी बरंच डोकं खाजवलं. औषधवाल्याचं पाण्याखालचं ऐकून वाटतंय की फाइल फार बारीक दाबून निघत असेल. एक्स्पोर्ट करताना दर्जा विचारतं, तिथे वरचा आकडा निवड. नाहीतर मोठी फाइल काढ, एमपीथ्रीच्या ऐवजी वेव्ह. आकाराने जड असते, पण काही गळत नाही.

आणि अगदीच नाही जमलं तर पुन्हा रेकॉर्ड कर ना. तुला काय, बाहीचा मुंढा कसा कापायचा हे तू झोपेत सांगशील. चाळीस मिनिटांत पुन्हा होईल. घशाचं काम झालं की निवांत कर. मुली काय पळून चालल्या आहेत का? उलट मावशी गप्प आहे म्हटल्यावर वर्गात मिठाई वाटली असेल. मला तर ते दृश्यच डोळ्यांपुढे येत नाही, तू आणि गप्प.

घसा सांभाळ. गरम पाणी पी.

तुझा,
भिंगरी

१६ फेब्रुवारी

भिंगरी,

ते धडे नाहीत. खोटं लिहिलं होतं. शिवणाचे धडे मुली समोर बसूनही चाळीस मिनिटं ऐकत नाहीत, रेकॉर्ड कोण ऐकणार. तुझ्या लक्षात येईल असं वाटलं होतं.

आणि काम किरकोळ नाही. चोवीसला स्वरयंत्र काढून टाकणार आहेत, पूर्ण. पुढे श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. जगेन, असं म्हणतात. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, कुणाला काही बोलायचं असेल तर आता बोलून घ्या. म्हणून मी माझ्या पोरीसाठी, तुझ्या ताईसाठी बोलले. रोज चार-पाच मिनिटं, नऊ दिवस. त्याच्यावर घसा चालत नव्हता. पुन्हा रेकॉर्ड कर म्हणतोस. आता तोंड उघडलं की नुसती हवा येते. बॉबिन संपल्यावर मशीन चालत राहतं ना, सुई वरखाली होते आणि कापडावर टाका उमटत नाही, तसं.

तुझ्या ताईचं आणि माझं सहा वर्षं बोलणं नाही हे तुला माहीत आहे. का नाही, ते तुला मोघम माहीत असेल. तिचा नवरा, तेव्हा व्हायचा होता, मला भेटायला वर्गावर आला. पावाची गाडी चालवतो हे तिने आधी सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, माझ्या पोरीला पाव विकायला नाही वाढवलं. नेहमीसारखं मशीनच्या वरून ओरडून म्हटलं. त्याला बघायला मुलींनी मशीन थांबवली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तीस मुलींच्या समोर, सगळं शांत असताना, मी एकटी ओरडत होते. त्याने पावाची पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला. मागून ताई गेली.

चार पत्रं लिहिली. न फोडता परत आली. अक्षर ओळखते ती माझं. वाटलं, आवाजाला नाही म्हणणार नाही.

वीस जानेवारीला फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, सहा वर्षांतलं पहिलं. जसंच्या तसं लिहिते: ‘आई, चाळीस मिनिटं गप्प बसून दाखवायची गरज नव्हती. सहा वर्षं तेच बघतेय.’ मी कळवलं की फाइलमध्ये बिघाड आहे. त्यावर म्हणाली, ‘बिघाड तुझ्यात कधीच नसतो.’ त्यानंतर काही नाही.

तू सांगितलेला वरचा दर्जा निवडला. वेव्ह काढली. तीच गत. आता तर कुजबुजही नाही, ठार शांतता. एकच नवीन गोष्ट कळली. वरच्या मुलीने सहज तिच्या फोनला इअरफोन लावले, तर त्याच फोनवर, त्याच फाइलमध्ये माझा आवाज आला. दोन्ही कानांत, खणखणीत. इअरफोन काढले की गेला. ती म्हणाली, काकू, तुमचा आवाज फक्त कानात येतो, खोलीत येत नाही.

ताई स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून ऐकते, लहानपणापासून रेडिओ तसाच ऐकायची. तिला इअरफोन लावून ऐक म्हणून सांगण्याइतकीही जागा तिने ठेवलेली नाही.

आठ दिवस राहिलेत. घड्याळं बघायला जाऊ नकोस.

मावशी

१९ फेब्रुवारी

मावशी,

पत्र दुपारी दोरावर असताना मिळालं, तिथेच वाचलं. मुकादमाने खालून दोनदा हाक मारली. खाली उतरल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

मिठाईचं लिहिलं होतं ते फाडून टाक.

बिघाड तुझ्यात नाही, लॅपटॉपमध्ये नाही, फाइलमध्येही नाही. तो मी केलाय. वरच्या मुलीचं वाक्य वाचलं आणि लक्षात आलं. आठवतं, मी निघायच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस की हेडफोनमध्ये एकाच कानात ऐकू येतं, हे काय एका बाहीचं झबलं? मला ट्रक गाठायचा होता. मी माइकची वायर कापली आणि दहा मिनिटांत नव्याने सोल्डर केली, आणि दोन्ही कानांत आवाज आला म्हणून तुझ्याकडून शाबासकी घेतली.

त्या वायरीत तीन तारा असतात. एक नुसती अर्थिंगची. उरलेल्या दोन्हींमधून तुझाच आवाज येतो, पण एकीतून सुलट आणि दुसरीतून उलट. एक पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. चांगल्या यंत्रात ती उलटी सरळ करून घेतात. माइक लॅपटॉपला जोडायच्या आपल्या त्या निळ्या डबीत तशी सोय नाही. मी शहाणपणाने एक तार डाव्या कानाला जोडली आणि दुसरी उजव्या. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे, त्यांचं भांडण होत नाही. पण फोनला एकच स्पीकर. तो दोन्ही बाजू एकत्र करतो, आणि एक ढकलते तेवढंच दुसरी ओढते. बाकी शून्य. एमपीथ्री थोडा आवाज दाबते म्हणून तिच्यात जरा कुजबुज उरत होती. मी मोठी फाइल काढायला लावली आणि तीही घालवली.

मावशी, हे मला माहीत होतं. मंडपाच्या कामावर एका वायरमनने बजावलं होतं की अशी जोडणी केलीस तर आधी एका स्पीकरवर ऐकून बघ. ट्रकने हॉर्न दिला आणि मी नाही बघितलं.

आता नीट वाच. आवाज पूर्ण जिवंत आहे. आधी सगळ्या प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावाने ठेव आणि त्या प्रतीवरच काम कर. ट्रॅकच्या डाव्या अंगाला त्याचं नाव आहे, तिथे छोटा बाण आहे. तो दाबलास की यादी उघडेल. त्यात स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो करायचं आहे, ते निवड. एकाचे दोन होतील, वरचा डावा, खालचा उजवा. खालच्याच्या कोपऱ्यात फुली आहे, ती दाबून त्याला घालवून टाक. बिनधास्त दाब, प्रत आहे. राहिला तो डाव्या कानातला, एकटा आणि सुलट. तो एक्स्पोर्ट कर. मग वरच्या मुलीच्या फोनवर, इअरफोनशिवाय, तुमच्या दोघींच्या समोर वाजव. वाजल्याशिवाय कुणाला पाठवू नकोस.

ताईलाही मी आजच लिहिलं. दोष माझ्या वायरीचा, मावशी गप्प बसली नव्हती, नऊ दिवस बोलत होती, आणि चोवीसला काय आहे तेही लिहिलं. तू रागावशील, पण मी लिहिलं. तिचा पत्ता मला माहीत नाही. पावाच्या कारखान्याचं नाव गाडीवर वाचलेलं आठवत होतं, तिथेच पाठवलं. पाकीट बंद केल्यावर लक्षात आलं की वर तिचं नावच घातलं नाही, ‘गाडीवाल्यांच्या घरी’ एवढंच लिहिलंय. दुसरं पाकीट नाही आणि ट्रक निघायच्या बेतात आहे. दोन्ही पत्रं ड्रायव्हरकडे देतोय, तुझं तो उद्या दाराखालून सरकवेल. वाटेत कुठे थांबू नकोस असं त्याला सांगताना माझीच मला लाज वाटली.

भिंगरी

२३ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र वीसला मिळालं. मिठाईचं पान फाडलेलं नाही, हसू येतं वाचून. तुझ्यावर रागवायला घसा लागतो, तो नाही, म्हणून सुटलास.

तुझं ढकलणं-ओढणं पहिल्यांदा कळलं नाही. मग मी माझ्या परीने लावून बघितलं. कॉलरच्या दोन पट्ट्या, एक सुलट, एक उलट, कडेला कड लावून शिवल्या तर उलगडून ठेवल्या तोवर दोन्ही ठीक दिसतात, घडी घातली की नक्षी दिसत नाही. नव्या मुली हीच चूक करतात. त्यांना मी उसवायला लावते. म्हणून उसवलं. बाण, यादी, दोन ट्रॅक, फुली. फुली दाबताना डोळे मिटले होते.

वरच्या मुलीने फोन टेबलावर ठेवला. इअरफोन नाही. मावशी खोलीत बोलायला लागली. मी ती अशी कधी ऐकली नव्हती. फार घोगरी आहे, आणि वाक्याच्या शेवटी ओरडते, तिथे मशीन नसतानाही. दोन मिनिटांनी ती मुलगी दूध उतू जाईल म्हणून वर गेली. तिच्याकडे गॅस बंद होता, मला माहीत आहे, आत्ताच तिच्याकडून आले होते.

एकवीसला सकाळी ताईला पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं की या वेळी आवाज आहे. ते पोचलंय असं दिसतं. उघडलेलं दिसत नाही. काल दिवसभर नाही, आज दुपारपर्यंत नाही. दुसऱ्या शांततेला कोण कशाला हात लावेल. तिच्या जागी मी असते तर मीही नसता लावला, माझीच आहे ती.

उद्या सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचंय. धाकट्या बाई येणार आहेत सोबत. पिशवी अर्धी भरली आहे. तू पुलावरून पळत येऊ नकोस, येऊन बोलणार कोणाशी. लॅपटॉप झाकून ठेवलाय. मूळ प्रत आहे तशी आहे. मी नसताना कधी ताई आली आणि तिने विचारलं, तर डावा ट्रॅक वाजवून

बेल वाजतेय. थांब.

भिंगरी, घाईत लिहितेय. तो आलाय. तुझ्या ताईचा नवरा. एकटा.

दारात उभा राहून मला काय म्हणून हाक मारावी ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने दाराच्या चौकटीकडे बघून विचारलं, घरात आहे का कुणी. कारखान्याचा शर्ट अंगात, डाव्या कफाचं बटण नाही. हातात तुझं पत्र. कारखान्यात चार गाडीवाले आहेत म्हणे, तिघांनी फोडून वाचलं, मग तिघांनी मिळून ते ह्याच्याकडे दिलं आणि ह्याची दुपारची फेरी वाटून घेतली.

म्हणाला, ती ऐकणार नाही म्हणते. त्याने तिच्या फोनवरून स्वतःकडे पाठवून घेतलं आणि गाडीत बसून ऐकलं. तेविसाव्या मिनिटापर्यंत. तेविसाव्या मिनिटाला मी वर्गातल्या त्या दिवसाबद्दल त्याची माफी मागितली आहे, त्याचं नाव घेऊन. तिथे त्याने बंद केलं.

“माझ्यापुरतं ऐकलं,” म्हणाला. “पुढचं तिचं आहे.”

मी चिठ्ठीसाठी कागद शोधत होते. तो म्हणाला, “लिहू नका. गाडी खाली आहे. तिला तुमच्यासमोर ऐकवू. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसत्या तिच्यासमोर बसा. सकाळी मीच दवाखान्यात सोडीन.”

मी त्याला आत ये म्हणायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्याला काय ऐकू आलं कोण जाणे, चपला काढून आत आला.

आता खुर्चीच्या अगदी कडेवर बसलाय. पाणी दिलंय. मी पिशवीची उरलेली अर्धी भरतेय.

मावशी